मैफलींना म्हाइंभट हवा

लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात श्रद्धांजलीचे जे कार्यक्रम झाले, त्यांतल्या एकात मला वक्ता म्हणून बोलावले होते. निवेदकाने आरंभ केला तो ९ सप्टेंबर १९३८ च्या सोलापुरातील मैफलीपासून. मास्टर दीनानाथांची चिमुकली लेक रंगमंचावर आली, तिचा पहिला षड्ज लागला, सारे थिएटर श्वास रोखून बसले, जाणत्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि साक्षात सरस्वती आपल्या गावी अवतरली आहे अशी खूणगाठ प्रत्येक रसिकाने त्या रात्री मनाशी बांधली. निवेदकाचे वय पस्तिशीच्या आतबाहेर असावे. हे सारे तो पहिल्या रांगेत बसून पाहिल्यासारखे सांगत होता. सभागृहाने कडाडून टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. कारण पुढे जे म्हणायचे आहे ते माझ्यासकट सर्वांना लागू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मराठीत मैफलीविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यातला मोठा भाग ऐकलेल्या गाण्याविषयी नसतोच. तो गायकाच्या पुढच्या कीर्तीविषयी असतो. कीर्ती आधी ठरते. मग तिला साजेशी मैफल मागाहून रचली जाते. या रचनेला आपण 'आठवण' म्हणतो, 'रसिकता' म्हणतो, आणि साहित्याचे विद्यार्थी-शिक्षक असूनही तिच्याकडे संहिता म्हणून पाहण्याचे टाळतो. एरवी चार ओळींच्या कवितेची चिरफाड करणारे आपण, आख्यायिकेपुढे मात्र हात जोडून उभे राहतो.

आता त्या मैफलीविषयी खरोखर काय सांगता येते ते पाहू. पहिली गोष्ट तारखेची. ही तारीख खुद्द गायिकेच्याही मनात राहिलेली नव्हती. ९ सप्टेंबर २०२१ रोजी लताबाईंनी समाजमाध्यमावर लिहिले की, त्यांच्या एका परिचिताने त्या दिवशी दूरध्वनी करून, वडिलांबरोबरच्या त्यांच्या पहिल्या शास्त्रीय गायनाच्या कार्यक्रमाची ही तारीख असल्याचे सांगितले. सोबत त्यांनी एक छायाचित्रही दिले आणि ते कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी काढलेले होते असे नमूद केले. म्हणजे ज्या रात्रीचे वर्णन आमचा निवेदक इतक्या तपशिलाने करत होता, तिची तारीख गाणाऱ्या व्यक्तीला त्र्याऐंशी वर्षांनी दुसऱ्याकडून कळली!

दुसरी गोष्ट वयाची. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा. 'नऊ वर्षांची लता' असे आपण सर्रास म्हणतो. त्या रात्री तिला नऊ पूर्ण व्हायला एकोणीस दिवस बाकी होते. हा काथ्याकूट वाटेल. पण आठ वर्षांच्या मुलीने खंबावती गायला, असे म्हटले की प्रश्न आपोआप उभा राहतो : हा राग तिला कोणी, किती दिवस, कसा शिकवला? 'सरस्वती अवतरली' असे म्हटले की हा प्रश्नच मिटतो. सरस्वतीला कोण शिकवणार?

तिसरी गोष्ट लताबाईंनीच सांगितलेली आहे आणि मला ती साऱ्या मैफलीतली सर्वांत मोलाची वाटते. आधी ती गायली, मग दीनानाथ गायला बसले, आणि ते गात असताना ही मुलगी रंगमंचावरच त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली. ही आठवण जितकी साधी आहे तितकी बोलकी आहे. रात्र चढलेली, मूल दमलेले, बाप गातो आहे आणि त्याच्या मांडीवरून आवाजाची थरथर त्या मुलीच्या कानशिलापर्यंत पोहोचते आहे. घराण्याची तालीम म्हणजे काय हे समजावून सांगायला मला वर्गात दहा तास लागतील. या एका चित्रात ते आहे. पण आमच्या निवेदकाने हे सांगितले नाही. अवतार झोपत नाहीत ना!

आणि चौथी गोष्ट पैशांची. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्या सोबतीने दीनानाथांनी बळवंत संगीत मंडळी काढली. रंगभूमीवर तिने वैभव पाहिले. पुढे बोलपट आले, मंडळी चित्रपटाच्या धंद्यात उतरली, १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' निघाला आणि हात पोळले. १९३८ मधले दीनानाथ हे पडत्या काळातले दीनानाथ आहेत. मुलीचे छायाचित्र काढून कार्यक्रमाची जाहिरात करावी लागते, यात बापाचे कौतुक आहे तसा व्यवहारही आहे. २४ एप्रिल १९४२ रोजी, म्हणजे या मैफलीनंतर चार वर्षे पुरी व्हायच्या आत, ते वारले आणि संसाराचा भार बारा वर्षांच्या लताच्या खांद्यावर आला. सोलापूरची ती रात्र या उतरणीवरची एक पायरी आहे. दंतकथा तिला शिखराची पहिली पायरी करून टाकते. मग उतरण दिसेनाशी होते आणि त्या उतरणीवर ज्यांचे संसार मोडले ते वादक, नट, पडदे ओढणारे, तेही दिसेनासे होतात.

ही एकट्या सोलापूरची कथा नाही. मराठी मैफलींच्या दंतकथांचा एक साचा आहे आणि त्याची तीन-चार कलमे ठरलेली आहेत. श्रोते स्तब्ध होतात. कोणी तरी मोठा माणूस रडतो किंवा उठून मिठी मारतो. एखादा वृद्ध उस्ताद भविष्य वर्तवतो. आणि शेवटी 'असे गाणे पुन्हा होणे नाही' या वाक्याने पडदा पडतो. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गायले, त्याची चर्चा आपण साठ वर्षे केली ती पंडित नेहरूंच्या डोळ्यांतल्या पाण्याची. चीनच्या युद्धातल्या पराभवानंतर दोन-सव्वादोन महिन्यांत, हरलेल्या देशाच्या राजधानीत, शोकाचा सूर कसा लावावा हा एका गायिकेपुढचा केवढा बिकट प्रश्न! शोक करायचा, पण दीनवाणे व्हायचे नाही. तो तिने आवाजाच्या कोणत्या पट्टीत, शब्द कोठे थांबवून सोडवला, याविषयी कितीसे लिहिले गेले? एका पंतप्रधानाच्या अश्रूंनी गाण्याला प्रमाणपत्र दिले आणि आपण ते भिंतीवर लावून मोकळे झालो.

किंवा ८ जुलै १९२१ चा मुंबईतला 'संयुक्त मानापमान' घ्या. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसले यांचा धैर्यधर, टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला प्रयोग. शंभर वर्षे आपण एकच प्रश्न चघळतो आहोत : त्या रात्री कोण कोणाला भारी पडले? जणू तो फड कुस्तीचा होता. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक नट एका रंगमंचावर येतात, आपापल्या पद्धतीच्या गायकीची सांगड एका नाटकात घालतात, प्रेक्षक दोन पक्षांत वाटलेला असतो, आणि नाटक तरीही नाटक म्हणून उभे राहते. यात नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल एवढा ऐवज आहे. पण केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी वारले आणि त्या मृत्यूने दंतकथेला हवा तो करुण शेवट पुरवला. मग ऐवजाची गरज उरली नाही.

येथे कोणी म्हणेल, मराठीत संगीतावर गंभीर लेखन झालेच नाही काय? झाले आहे, आणि ते उत्तम आहे. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, बा. र. देवधर, 'घरंदाज गायकी' लिहिणारे वामनराव देशपांडे, अशोक दा. रानडे ही नावे कोणत्याही भाषेने मिरवावीत अशी आहेत. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. त्यांना घरी ठेवून आपण व्यासपीठावर काय घेऊन जातो याविषयी आहे. देवधरांनी गवय्यांकडे जाऊन, बसून, विचारून लिहिले. आपण देवधरांचे वाचून, त्यातला प्रसंग उचलून, त्याला 'अंगावर काटा' जोडून पुढे सरकवतो. दर हस्तांतराला एक विशेषण वाढते आणि एक तपशील गळतो.

दुसरे कोणी म्हणेल, दंतकथेने कोणाचे काय बिघडते? लोकांना आनंद मिळतो, कलावंताचे नाव राहते. बिघडते ते सांगण्यासाठी मला माझ्या गावाकडे यावे लागेल.

मी वळसंगला राहतो. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. बोलण्यात मराठी आणि कानडी दोन्ही. गावात एक विहीर आहे. सार्वजनिक पाणवठ्यावर ज्यांना मज्जाव होता त्या वस्तीने आपली स्वतःची विहीर केली आणि १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते ती खुली झाली. म्हणजे दीनानाथांची लेक सोलापुरात खंबावती गायली त्याच्या साधारण वर्ष-दीड वर्ष आधी, त्याच टापूत, ही घटना घडली. दोन्ही घटनांना आज पंच्याऐंशीहून अधिक वर्षे झाली. विहिरीची आठवण मात्र वेगळ्या रीतीने टिकली आहे. ती एका जागेला बांधलेली आहे. काठावर उभे राहून माणूस सांगतो : येथे. आणि 'येथे' म्हटले की थापा मारणे अवघड होते. पाणी किती खोल, दगड कोणाचा, खणायला कोण होते, आधी घागर घेऊन कोठवर जावे लागे, हे प्रश्न त्या काठावर टाळता येत नाहीत. मैफलीला असा काठ नसतो. ती हवेत विरते, आणि विरलेल्या जागी ज्याला जे हवे ते भरता येते. म्हणूनच तिला टिपून ठेवणाऱ्याची गरज विहिरीपेक्षा अधिक आहे.

आणि टिपले कोणाचे जाते? सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढ्यात १९३३ मध्ये प्रल्हाद शिंदे जन्मले. २००४ मध्ये ते गेले. आषाढी आली की त्यांच्या आवाजावाचून या भागातला एकही लाऊडस्पीकर राहत नाही. एप्रिलमध्ये जयंतीला पुन्हा तोच आवाज, वेगळ्या शब्दांसाठी. विठोबा आणि बाबासाहेब या दोघांच्याही अंगणात सारख्याच हक्काने वावरलेला दुसरा गळा मला ठाऊक नाही. पण त्यांच्या रात्र-रात्र चाललेल्या कव्वाल्यांच्या आणि भीमगीतांच्या कार्यक्रमांची साल-तारखेनिशी हकिकत सांगणारे एकही पुस्तक माझ्या कपाटात नाही. सवाई गंधर्व महोत्सवातल्या एकेका पहाटेवर लिहिणाऱ्या आपल्या वर्गाला त्या रात्री 'मैफल' वाटतच नाहीत. त्यांना आपण 'कार्यक्रम' म्हणतो. हा शब्दभेद निरागस नाही. भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' लिहून ठेवले ते बरे, नाही तर आपल्या दहा भाषणांच्या तोडीचा एक जलसा असतो असे बाबासाहेब म्हणत, एवढ्या एका आख्यायिकेवर आपण जलशांची बोळवण केली असती. तीही आख्यायिकाच. थोर माणसाचे प्रमाणपत्र मिळाले, गाणे ऐकायची जबाबदारी संपली!

आता माझा गुन्हा सांगतो. आमच्या गल्लीत एक आजोबा होते. तरुणपणी गावात झालेल्या एका रात्रीची गोष्ट ते सांगत. बाहेरगावची पार्टी आली होती. पेट्रोमॅक्सच्या दोन बत्त्या, बैलगाड्या लावून केलेले व्यासपीठ. मध्यरात्री पेटीचा भाता फाटला. गावातल्या एकाने चपलेचे कातडे कापून, खळ लावून तो सांधला आणि तोवर गायकाने पेटीवाचून, नुसत्या ढोलकीवर एक गाणे तीनदा म्हटले, दर वेळी चाल थोडी फिरवून. बायका मागे बसल्या होत्या. त्यांना पुढे घेतल्याशिवाय तोंड उघडणार नाही, असा हट्ट त्याने सुरुवातीलाच धरला होता. आजोबांना त्या तिन्ही चाली येत. गुणगुणून दाखवत. पहिली सरळ, दुसरीत एक मुरका, तिसरी चढी. मी म्हटले, आजोबा, हे लिहून घ्यायला हवे. ते हसले. "लिवून काय करणार सर? सकाळच्याला समद्यांला पाठ हुतं की."

सकाळी सगळ्यांना पाठ होते हे खरे. पण ते सगळे आता नाहीत. मी 'सुट्टीत निवांत बसू' म्हणत दोन सुट्ट्या घालवल्या. त्यांपैकी एका सुट्टीत मी शास्त्रीय संगीतातल्या एका विख्यात मैफलीवर, जी मी ऐकलेली नव्हती, सहा पानांचा लेख लिहिला. त्यात 'सभागृह स्तब्ध झाले' हे वाक्य आहे. तिसऱ्या सुट्टीच्या आधी आजोबा वारले. गायकाचे नाव मी विचारले नव्हते. साल विचारले नव्हते. तिन्ही चाली माझ्या कानावरून गेल्या आणि मला त्यातली एकही म्हणता येत नाही. तपशील किती होते आणि मी किती आळशी, याचा हिशेब मला रोज एसटीची वाट पाहताना करावा लागतो.

म्हणून म्हणतो, दंतकथा निरुपद्रवी नाही. ती उपलब्ध जागा व्यापते. ऐकलेल्या माणसाकडे जाऊन बसण्याचे कष्ट ती वाचवते आणि न ऐकलेल्या गोष्टीवर सहा पाने लिहिण्याची सोय करून देते. तिच्यामुळे गायकाची मेहनत दैवात जमा होते, श्रोता नुसता स्तब्ध पुतळा होतो, आणि ज्यांच्या वाट्याला मोठी माणसे साक्षीला आली नाहीत त्यांचे गाणे झालेच नव्हते असे ठरते.

यावर शेवटचा बचाव भक्तीचा असतो. ज्याच्यावर जीव आहे त्याची चिकित्सा काय करायची? हा बचाव मराठीच्या विद्यार्थ्याने तरी करू नये. आपल्या गद्याचा आरंभच ज्या ग्रंथापाशी मानला जातो, त्या लीळाचरित्राचे कर्ते म्हाइंभट भक्त नव्हते काय? चक्रधरांना ते परमेश्वर मानत होते. यापरते कोणत्या गायकाचे भक्त होणार? आणि तरीही तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात या माणसाने काय केले? चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्यांकडे जाऊन, एकेकाला विचारून, लीळा गोळा केल्या. स्वामी कोठे बसले होते, कोण आले, काय खाल्ले, कोणाला रागावले, सारे नोंदवले. पुढे पोथ्यांत पाठ वेगवेगळे पडले तेव्हा महानुभावांनी ते दडपले नाहीत. अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, हे लिहून ठेवले. एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून स्थानपोथी केली : स्वामींचे वास्तव्य कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला. देवाची गोष्ट सांगतानाही ज्यांनी दिशा चुकू दिली नाही त्यांचे आपण वारस. खरे तर परमेश्वर मानल्यामुळेच त्यांना एकही तपशील गमावणे परवडत नव्हते. काटेकोरपणा हे त्यांच्या भक्तीचेच रूप होते. आपण मात्र परंपरेतून दुसरा वारसा उचलला : महिपतींच्या विजयकथांचा. तेथे प्रत्येक संताच्या आयुष्यात ठरल्या वेळी चमत्कार होतो आणि निंदकाचे मस्तक ठरल्या वेळी चरणांवर येते. महिपती मोठे कवी होते, त्यांचा हेतू वेगळा होता. त्यांच्या साच्यात आपण गायक ओतले हा दोष आपला.

मराठी विभागांकडून माझी मागणी फार मोठी नाही. दर वर्षी 'आवडता गायक' किंवा 'संगीत आणि साहित्य : एक अनुबंध' या विषयांवर जे प्रकल्प लिहून घेतले जातात ते एक वर्ष बंद ठेवावेत. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गावातल्या सत्तरीपुढच्या एका माणसाकडे पाठवावे आणि त्याने प्रत्यक्ष ऐकलेल्या एका रात्रीची हकिकत लिहून आणायला सांगावे. मैफल असो, जलसा असो, भजनाची एकादशी असो की तमाशाचा फड. प्रश्न साधे असावेत. जागा कोणती? आज तेथे काय आहे? तिकीट होते का, किती? तुम्ही कोठे बसला होता, आणि कोणाला आत येता आले नाही? उजेड कशाचा होता? काय बिघडले? गायक कोणत्या गाण्यावर परत आला? दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही पाठ नोंदवावेत. आणि एक अट घालावी : 'स्तब्ध', 'मंत्रमुग्ध', 'अवतार', 'काटा' हे शब्द वापरल्यास गुण कापले जातील.

हातात आज प्रत्येकाच्या ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे; ते खिशातच असते. माझ्याही होते. आजोबा तिसरी, चढी चाल गुणगुणत होते तेव्हा मी त्यात वेळ पाहिली. नऊची एसटी गाठायची होती. त्या दिवशी मला वर्गात लीळाचरित्र शिकवायचे होते.